बोल्टला चहा

त्या गाडीचं बोनेट उघडलं आणि मला गावाचा वास आला.

आता कुणी म्हणेल, इंजिनाला कसला आलाय गावाचा वास? ऑइलचा येतो, तापलेल्या रबराचा येतो. तोही येतच होता. पण समोरच्या काचेखाली जी जाळी असते तिच्यात बारीक, लांब, वाळलेल्या काड्या अडकल्या होत्या. सुरूच्या काड्या. आमच्या गावच्या किनाऱ्यावर सुरूचं बन आहे, तिथं लहानपणी अनवाणी पळताना या काड्या पायाखाली मऊ लागायच्या. मी एक काडी काढली, नाकाशी नेली. जाळीच्या कोपऱ्यात चिमूटभर वाळू होती, तीही बोटावर घेतली. शेजारी उस्ताद उभे होते. ते म्हणाले, "काय रे कोकण्या, गाडी दुरुस्त करायलास का हुंगायलास?"

उस्ताद म्हणजे आमच्या गॅरेजचे मालक. दौलताबादच्या रस्त्याला पडेगावात त्यांचं गॅरेज आहे. माणूस मूळचा शेतकरी, अजून शेती आहे, पण हात पहिल्यापासून मशिनीत. मी नववीत शाळा सोडली आणि मामाच्या ट्रकमधून आंब्याच्या पेट्यांबरोबर या शहरात आलो. ट्रक बिघडला तो या गॅरेजच्या दारात. मामा ट्रक घेऊन परत गेला, मी राहिलो. तेव्हा शहराचं नाव औरंगाबाद होतं, आता संभाजीनगर आहे. माझी आई अजून फोनवर औरंगाबादच म्हणते. उस्तादांनी मला जागा दिली, जेवण दिलं, हातात पाना दिला आणि एकदाही 'शाळा का सोडली' म्हणून विचारलं नाही. हे शेवटचं मला सगळ्यात मोठं वाटतं.

गाडी एका बँकेतल्या साहेबांची होती. ते इथलेच, पण काही वर्षं नोकरीनिमित्त समुद्रकाठी होते. त्यांची बदली आधी झाली, बायकोची आत्ता झाली. ती तिकडच्या सरकारी दवाखान्यात नर्स. बायको, मुलगी आणि सामान आणायला साहेब शनिवारी पहाटे निघणार होते, आणि गाडी तर गरम होत होती. बोलता बोलता त्यांनी मुक्कामाचं गाव सांगितलं आणि माझ्या हातातली चिंधी खाली पडली. आमच्या खाडीपासून तासाभराच्या आत.

"मग चला की माझ्याबरोबर," साहेब म्हणाले. "एकट्याला एवढा लांबचा रस्ता नकोसा होतो. गाडी झाली की शनिवारी निघू, संध्याकाळी तुमच्या दारात सोडतो."

तो गुरुवार होता. आणि मला रविवारच्या सकाळच्या आत घरी पोचायचं होतं. त्याचं कारण सांगतो.

माझे वडील मासेमारी करायचे. छोटी होडी, तिच्या मागं टांगलेलं मशीन. त्या मशीनचं अंग अॅल्युमिनियमचं. समुद्रावर लोखंडी बोल्ट टिकत नाहीत, लाल गंज चढतो आणि डोकं झडून जातं. म्हणून आमच्याकडं सगळ्यांचा एकच उपाय, स्टेनलेसचे बोल्ट घालायचे. बोल्ट चकाचक राहतो, माणूस खूश होतो. वडलांनीही मशीनच्या खालच्या झाकणाला तेच घातले होते आणि वर मला फोन करून सांगितलं होतं, "आता बघ, पिढ्यान्‌पिढ्या गंजणार नाय."

मी तोवर इथं थोडं शिकलो होतो. अॅल्युमिनियमला असा बोल्ट आणि मधे खारं पाणी, की झालं. बोल्टाला काही होत नाही, शेजारचं अॅल्युमिनियम झिजत जातं. त्याची पांढरी भुकटी होते, ती फुगते आणि आट्यांमधे अशी घट्ट बसते की बोल्ट आणि मशीन एकच होऊन जातं. मी वडलांना म्हणालो होतो, "बाबा, ते काढून ग्रीस लावून परत बसवायला पाहिजेत. तुम्ही नका करू, मोडतील. मी आलो की करतो." ते म्हणाले, "ये मग." मी आलो की करतो, मी आलो की करतो, असं म्हणत राहिलो. गेलो तेव्हा ते गेले म्हणून गेलो. तेव्हा बोल्ट कुणाला आठवणार?

आता भाऊ एका हॉटेलात कामाला लागला आहे. होडी सांभाळायला कुणी नाही. पलीकडच्या काठावरच्या एकानं ती घेतली आणि रविवारी सकाळच्या भरतीला नेणार होता. आई फोनवर म्हणाली, "रविवारी होडी जातली. तू येतलंस?" मग म्हणाली, "नाय जमला तर रवांदे. जेवलंस काय?"

मला होडी थांबवायची नव्हती. विकली ते बरंच झालं. मला फक्त ते बोल्ट सोडवायचे होते. वडलांना दिलेला शब्द म्हणा, किंवा काहीही म्हणा. मशीन दुसऱ्याच्या हातात जायच्या आधी ते एकदा माझ्या हातानं सुटावेत, ग्रीस लागून परत बसावेत, एवढंच डोक्यात होतं.

तर साहेबांच्या गाडीचं दुखणं लगेच सापडलं. इंजिनातनं गरम पाणी जिथून रेडिएटरकडं जातं तिथं एक छोटं अॅल्युमिनियमचं घर असतं, त्यात थर्मोस्टॅट बसतो. त्याच्या कडेनं पाणी गळत होतं. घर काढायचं, थर्मोस्टॅट आणि पॅकिंग नवं घालायचं, की गाडी तयार. अर्ध्या दिवसाचं काम. चार बोल्ट.

मी चिंधीनं पुसलं आणि बघतो तर चारही बोल्ट चकाचक. बुडाशी पांढरी भुकटी, मिठागरावर असते तशी.

"उस्ताद," मी म्हणालो, "स्टेनलेस आहेत."

"कुणी घातले?"

"तिकडच्या कुणी मिस्त्रीनं. आमच्याकडं असंच करतात. चांगलं म्हणून करतात."

उस्ताद हसले. "तुमच्याकडं मीठ फुकट मिळतं म्हणून इंजिनालाबी चारता का काय?" मग वाकून बघायला गेले आणि डोळा मिचमिचवत सरळ झाले. औरंगपुऱ्यातल्या एका डॉक्टरांकडं त्यांच्या डोळ्याचं नुकतंच ऑपरेशन झालं होतं. वाकायचं नाही, जोर करायचा नाही, असं बजावून सांगितलेलं. "मला काय दिसत नाय," ते म्हणाले. "तूच बघ. पण लई सबुरीनं. मोडला तर हेड उतरावं लागंल."

हेड उतरवायचं म्हणजे इंजिन अर्धं खोलायचं. मग साहेबांची बायको-मुलगी तिकडं सामान बांधून बसणार आणि माझा रविवार गेलाच. एका बोल्टावर एवढं सगळं लटकलेलं.

अडकलेल्या बोल्टाची आमच्या गॅरेजमधली एक रीत आहे. रागानं कुणी पाना लावायचा नाही. आधी अॅल्युमिनियम चहूकडून गरम करायचं, बोल्ट नाही. मग बोल्टाच्या बुडाशी मेणबत्ती टेकवायची, मेण वितळून आत ओढलं जातं. वरून हातोडीनं टिचक्या. मग पाना लावून आधी केसभर कसायचं, नंतर केसभर सोडायचं. कुठं अडलं की थांबायचं, गंज सोडवायचा स्प्रे मारायचा आणि चहा प्यायला जायचं. उस्ताद याला 'बोल्टला चहा पाजणं' म्हणतात. "आपण पितो तवर त्योबी पितो," असं त्यांचं म्हणणं. गिऱ्हाईक हटकून विचारतं, "काय झालं, थांबले का?" उस्ताद गंभीर तोंडानं सांगतात, "बोल्ट चहा प्यायलाय." कुणाला पटतं, कुणाला नाही.

गुरुवारी संध्याकाळपर्यंत दोन सुटले. शुक्रवारी सकाळी तिसरा. त्याच्या आट्यांना अॅल्युमिनियमचा चुरा लागला होता, पण सुटला. चौथा इंजिनाच्या मागच्या अंगाला होता, जिथं हातही धड जात नाही. तो कसायलाही हलेना आणि सोडायलाही हलेना.

मी मुळातच भित्रा माणूस आहे. त्या दिवशी तर पान्याला हात लावला की बोल्ट पिळल्यासारखा वाटायचा. मोडायच्या आधी बोल्ट जरा मऊ लागतो. ज्यानं मोडलाय त्याला ते कळतं. मला तो मऊपणा प्रत्येक खेपेला लागत होता, खरंच होता का मनाचा होता कुणास ठाऊक. मी पाना सोडायचो, गरम करायचो, मेण लावायचो आणि उस्तादांसमोर जाऊन बसायचो.

"चहा?" उस्ताद विचारायचे.

"चहा."

"आज बोल्टाला झोप येणार नाय मग."

समोरच्या रस्त्यानं वेरूळ-खुलताबादच्या गाड्या जात होत्या. ऊन असं कोरडं की धुतलेली चिंधी पिळून टाकली तर बघता बघता वाळते. इथली हवा लोखंडाला फार चांगली आहे. उघड्यावर पडलेला पाना पावसाळ्यापर्यंत तसाच राहतो. आमच्याकडं रात्रभर अंगणात राहिलेल्या कोयत्याला सकाळी तांबूस साय आलेली असते. इथं आल्यावर पहिल्या पहिल्यांदा मला या कोरडेपणानं रडू यायचं, ओठ फुटायचे. काकू, म्हणजे उस्तादांच्या घरच्या, लोणी लावायला द्यायच्या. म्हणायच्या, "लाव रे पोरा, तुझं तोंड म्हंजी उन्हाळ्यातलं वावर झालंय." आणि आता त्या गाडीजवळ वाकलो की नाकात वाळूचा, काड्यांचा वास. मला वाटायचं, बोनेट बंदच करू नये. त्याच्या आत माझा किनारा होता आणि तोच मला किनाऱ्यावर जाऊ देत नव्हता.

शुक्रवारी दुपारनंतर साहेब आले. बोल्ट बघितला, माझं तोंड बघितलं.

"उद्या पहाटे होईल का?"

मी खोटं बोललो असतो तर बरं झालं असतं. "सांगता येत नाही साहेब. ओढला तर आत्ता निघेल, नाहीतर मोडेल."

साहेबांनी कपाळ चोळलं. बायकोला फोन केला. मग म्हणाले, "असं करतो, मी आज रात्रीच्या बसनं जातो. सामान बांधायला तरी होईन. गाडी झाली की कळवा, मग बघू. तुम्ही पण चला ना बसनं. तुमची सीट मी काढतो."

मी उस्तादांकडं बघितलं. मी आईचं, होडीचं त्यांना सांगितलं होतं.

"जा तू," उस्ताद म्हणाले. "मी बघतो ह्याचं."

"तुम्हाला वाकायचं नाही."

"एका बोल्टानं काय डोळा फुटत नाय."

"उस्ताद..."

"जा म्हनतो ना! आई वाट बघायली. बोल्ट काय, हितंच हाय."

ते बोलत होते तेव्हा त्यांच्या ऑपरेशनच्या डोळ्यातनं पाणी येत होतं आणि ते बाहीनं पुसत होते. डॉक्टरांनी बाही लावायलाही मना केलं होतं. मला माहीत होतं, मी निघालो की हा माणूस अर्ध्या तासात त्या इंजिनावर वाकणार. त्याला दुसऱ्याची गाडी उघडी पडलेली बघवत नाही.

"साहेब, तुम्ही व्हा पुढं," मी म्हणालो. "मी गाडी करतो."

थोड्या वेळानं उस्ताद उठून स्वतः माझ्यासाठी चहा घेऊन आले. एवढ्या वर्षांत ते मी पहिल्यांदा बघितलं.

त्या संध्याकाळी मी आईला फोन केला. म्हणालो, बहुतेक जमत नाही. ती म्हणाली, "काम सोडून येव नको." मग भावाला फोन केला. "खालच्या झाकणाचे बोल्ट त्यांना काढू देऊ नकोस," मी म्हणालो. तो म्हणाला, "अरे, ते लोक काय माझं ऐकतले?"

शनिवारी सकाळी गॅरेज उघडलं. मी पाना लावायच्या आधी नुसता हात ठेवून बसलो. रात्रभर मेण आणि स्प्रे मुरला होता. गरम केलं. टिचक्या मारल्या. कसायला जोर दिला, आणि कुठंतरी आत 'टक्' झालं.

मला वाटलं मोडला. पान्यावरचा हात काढवेना आणि दाबवेना. उस्ताद मागून म्हणाले, "आवाज कोरडा हाय का ओला?"

"काय?"

"मोडल्याला आवाज कोरडा येतो. ह्यो ओला व्हता. सोड जरा."

मी केसभर सोडला. आला. परत कसला, परत सोडला. पांढरी भुकटी करकरत बाहेर यायला लागली. चौथा बोल्ट माझ्या तळव्यावर आला तेव्हा तो एवढा चकाचक होता की त्यात गॅरेजचं दार दिसत होतं, आणि आट्यांच्या खाचांत सगळं पांढरं मीठच मीठ.

नवे बोल्ट, योग्य ते, ग्रीस लावून घातले. थर्मोस्टॅट घातला. नवं कूलंट भरलं. इथं लोक बोअरचं खारं पाणी ओततात, ते तर मी कुणाला ओतू देत नाही. गाडी चालू करून ठेवली. गरम होईना. कुठं थेंब नाही. तोवर दुपार व्हायला आली होती. मी साहेबांना फोन करायला निघालो तर उस्ताद म्हणाले, "काय सांगणार त्यांला?"

"झाली म्हणून."

"झाली अन हितं हाय, असं? त्यांनी तिकडून यायचं आन पुन्हा तिकडं जायचं? त्यांच्या लेकराबाळांनी काय सामानावर बसून ऱ्हायचं? गाडी पोचवायला कुणी नको का?" आणि चावी माझ्याकडं टाकली. "लांबच्या रस्त्यानं टेस्टबी व्हईल. घाट चढून-उतरून बघ. काटा वर गेला तर तिथंच थांब आन मला फोन कर."

साहेबांना फोन लावला, ते हो म्हणाले, हो हो म्हणाले. काकूंनी भाकरी आणि ठेचा बांधून दिला. मी निघालो.

नगर गेलं, पुण्याबाहेरची गर्दी गेली, सातारा गेलं. माझी नजर रस्त्यावर कमी आणि तापमानाच्या काट्यावर जास्त. काटा अर्ध्यावर, हलायला तयार नाही. कोल्हापूरच्या अलीकडं डोळे मिटायला लागले तशी गाडी पेट्रोल पंपावर लावली. वाटत होतं, न थांबता मारावी. पण दुसऱ्याची गाडी. उजाडल्यावर घाट उतरलो. अर्ध्या घाटात काच खाली केली आणि ती हवा आत आली, ओली, जड, जरा कुजकी. काट्याकडं बघायचं विसरलो. पंचवीसएक वळणं तरी विसरलो असेन.

साहेबांचं गाव आधी लागत होतं, आमचं पुढं. मी फोन करून म्हणालो, आधी घरी जाऊन येऊ का? ते म्हणाले, "अहो, आम्ही अजून भांडीच बांधतोय. या सावकाश."

घरासमोर गाडी थांबवली तेव्हा आई पडवीत उभी होती. खाडीकडं पाठ करून. मी विचारायच्या आधीच तिनं सांगितलं.

"होडी गेली. भरती काय थांबता?" मग माझ्या तोंडावरनं हात फिरवला. "तू इलंस. च्याय घे आदी."

मी खाली काठावर गेलो. जिथं होडी ओढून ठेवायचे तिथं ओंडके होते, आणि चिखलात तिचा लांब ओरखडा, पाणी त्याच्या तोंडाशी आलेलं. पलीकडच्या काठावर माडांखाली चार-पाच होड्या दिसत होत्या. त्यातली आमची कुठली, ते इतक्या लांबून मला कळेना. पूर्वी कळलं असतं. शेजारी भाऊ येऊन उभा राहिला आणि बोट दाखवून म्हणाला, "ती. निळ्या कडेची." मी बघत राहिलो. पाणी मधे होतं, एवढंसंच, हाक मारली तर जाईल एवढं.

"होडी घेतली त्यांचा नंबर हाय?" मी विचारलं.

फोन एका म्हाताऱ्यानं उचलला. मी कोण ते सांगितलं. वडलांचं नाव काढल्यावर तो म्हणाला, "चांगलो माणूस. बोल."

"मशीनचं खालचं झाकण," मी म्हणालो, "त्याचे बोल्ट चकाचक दिसतात. ते नुसते दिसायला आहेत. आतनं धरलेत. खोलायचे झाले तर जोर करू नका. आधी झाकण गरम करायचं, बोल्ट नाही. मेणबत्ती लावायची. आधी कसायचं, मग सोडायचं. आणि अडला की थांबायचं. बोल्टाला चहा पाजायचा."

"काय पाजूचा?"

"चहा. म्हणजे आपण प्यायचा. तोवर तोही पितो."

म्हातारा हसला. हसता हसता खोकला लागला त्याला. मग म्हणाला, "बरां. बोल्टाक च्याय. लक्षात ठेवतंय." आणि वर, "तूच ये की रे. होडी खंय पळता? चतुर्थीक ये, मग खोलू. तवसर हात लावणंय नाय."

मी हो म्हणालो. मी आलो की करतो, हे वाक्य तोंडात आलं होतं, ते बोललो नाही. "येतो," एवढंच म्हणालो.

आई चहा घेऊन खाली आली होती, कप बशीनं झाकून. मी काठावर बसून प्यायलो. मग साहेबांची गाडी पोचवायला गेलो. जायच्या आधी बोनेट उघडून एकदा पाणी बघितलं. जाळीतल्या काड्या मी पडेगावात काढल्या नव्हत्या, त्या अजून तिथंच होत्या. तशाच राहू दिल्या.

बसनं परत आलो तेव्हा उस्ताद गॅरेजच्या दारात काळा चष्मा लावून बसले होते.

"काटा?"

"अर्ध्यावरच. सगळ्या घाटात."

"आन होडी?"

"गेली होती."

उस्तादांनी बाजूचं स्टूल पायानं माझ्याकडं सरकवलं. "बस," ते म्हणाले. "चहा सांगतो."